फुंकर

दादाच्या अक्षरातली एक कॅसेट माझ्याकडे आहे. टीडीकेची, नव्वद मिनिटांची. आतल्या कागदावर निळ्या बॉलपेननं लिहिलंय ‘पिंक फ्लॉइड’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘पुसू नये’. हे दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं. त्याच्या आधीच्या दोन कॅसेटींवर मी रेडिओवरची ‘आपली आवड’ भरून ठेवली होती.

१९८७ ची दिवाळी होती. आमचं घर मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर. येता-जाता टांगलेले भोपळे दिसायचे, तारा ताणून बघितल्याचा आवाज कानावर यायचा. अण्णांच्या लेखी गाणं म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेबांची कबर इथल्याच दर्ग्याच्या आवारात असल्यामुळे त्यांच्याविषयी अण्णा घरातल्या माणसासारखं बोलत. अशा घरात दादानं मित्राकडून पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘विश यू वेअर हिअर’ची रेकॉर्ड आणली. मित्राचा मामा जहाजावर होता, त्यानं ती परदेशातून आणलेली. सोबत सुटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअरही आला. दोन्ही दोन दिवसांत परत करायचं होतं.

प्लेअरला टेपरेकॉर्डर जोडायची वायर आमच्याकडे नव्हती. मग दादानं स्टुलावर प्लेअर आणि त्याच्या समोर पाटावर आमचा टू-इन-वन ठेवला. खिडक्या लावल्या आणि फर्मान काढलं, “पाऊण तास कुणी तोंड उघडायचं नाही.” आईनं मान डोलावली आणि कुकर लावला.

त्या रेकॉर्डवर पाचच तुकडे आहेत. पहिल्याचं नाव ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’. सुरुवातीला नुसता एक लांबलचक, धुक्यासारखा सूर. त्यात काचेच्या पेल्यांच्या ओल्या काठावरून बोट फिरवून काढलेला नादही आहे, म्हणजे जलतरंगाचा एखादा लांबचा भाऊ म्हणा. सुमारे चार मिनिटांनी गिटारचे चार स्वर येतात, एकेक सुटा, कुणी तरी लांबून हाक मारावी तसे. गाण्याचे शब्द यायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. अण्णा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. बरंच थांबून त्यांनी खुणेनंच मला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, “हे अजून तंबोराच लावतायत का?” मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबला.

पण अण्णा शेवटपर्यंत उभे राहिले, हेही सांगायला हवं. दादा मात्र कुणाकडेच पाहत नव्हता. गुडघे पोटाशी घेऊन, कॅसेटची चाकं नीट फिरतायत ना ते बघत बसला होता. एकवीस वर्षांचा होता तो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा.

पुढे ती कॅसेट मला पाठच झाली. चौथं गाणं, म्हणजे ज्याच्यावरून सगळ्या रेकॉर्डला नाव मिळालं ते, माझं आवडतं. कुणी तरी रेडिओची चक्री फिरवतंय, खरखर, मग एका स्टेशनवर गिटार सापडते. ती बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. मग अगदी जवळ कुणी तरी खोकतं, नाक ओढतं आणि दुसरी गिटार सुरू होते, मोकळी, खोलीत बसून वाजवल्यासारखी. रेडिओवरच्या अनोळखी माणसाला घरात बसलेला माणूस साथ करतो.

तो खोकला दादाचा आहे, याबद्दल आमच्या घरात कुणालाही शंका नव्हती. पाऊण तास गप्प बसा म्हणून दटावणारा स्वतःच खोकला, यावरून आम्ही त्याला छळायचो. तोही हसायचा. “मी नव्हतो” असं म्हणायचा. पण ते तर आम्ही सगळेच म्हणायचो.

१९९१ च्या जानेवारीत मला पुण्याला वसतिगृहावर निरोप आला. दादाच्या मूत्रपिंडांचं दुखणं दीड वर्ष चाललं होतं, मी सुट्टीत येऊन भेटून जात होते. मधले तीन महिने मात्र परीक्षा, मग मैत्रिणीचं लग्न, मग अशीच काही तरी निमित्तं. रात्रीच्या गाडीनं आले, स्टेशनवरून थेट दवाखाना गाठला. लांबट वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. आईनं नंबर सांगितला नव्हता, म्हणून मी एकेक चेहरा पाहत निघाले. डाव्या बाजूला एक सुजलेला, गोल चेहऱ्याचा माणूस उशीला टेकून बसला होता. डोळे बारीक झालेले, केस अगदी कमी केलेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि परक्या माणसाकडून नजर काढून घ्यावी तशी काढून घेऊन पुढं गेले.

दोन खाटा ओलांडल्यावर मागून आवाज आला, “बारके, निघालीस कुठं?”

आवाज तेवढा त्याचाच होता. मी वळले. तो हसत म्हणाला, “औषधांनी नवीन चेहरा दिलाय. जुन्याला गिऱ्हाईक नव्हतं.” मी पण हसले. त्यानंतर तीन आठवड्यांत तो गेला. त्या तीन आठवड्यांत आम्ही कशाकशाबद्दल बोललो, पण त्या दोन खाटांबद्दल कधीच नाही.

नंतर कॅसेट आईनं ताब्यात घेतली. तिला त्या संगीतातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. दुपारी सगळं आवरलं की ती ते चौथं गाणं लावायची, मी शिकवल्याप्रमाणे आकडे बघून टेप पुढं न्यायची. खोकला झाला की बंद करायची. एकदा म्हणाली, “बघ, तेव्हापासूनच होतं त्याला. आपण लक्ष दिलं नाही.” त्या खोकल्याचा आणि मूत्रपिंडांचा काडीचाही संबंध नव्हता. पण आईला कुठून तरी सुरुवात हवी होती.

१९९८ मध्ये मी मुंबईत नोकरीला होते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये ‘विश यू वेअर हिअर’ची सीडी दिसली. पहिल्या पगारापासून मनात होतं, घेतली. खोलीवर येऊन लावली. चौथं गाणं आलं. चक्री फिरली, रेडिओतली गिटार सुरू झाली, आणि स्वच्छ, काचेसारखा स्पष्ट, कुणी तरी खोकलं.

मी सीडी थांबवली. मागं नेली. पुन्हा तेच. तो खोकला त्यांच्या गिटारवादकाचा, डेव्हिड गिलमोरचा होता, लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओतला, १९७५ सालचा. दादा खरंच नव्हता खोकला. हजारो घरांत तोच खोकला त्याच जागी वाजत होता आणि आम्ही अकरा वर्षं त्याला आमचा म्हणत आलो होतो. माणूस जातो तेव्हा निदान सगळे भोवती असतात. या वेळी मी एकटी होते आणि रडायचं तर कशासाठी, हे शेजारच्या खोलीतल्या मुलीला सांगता येण्यासारखं नव्हतं. आईला मी हे कधीच सांगितलं नाही. ती २००९ मध्ये गेली, तोवर तिच्या लेखी तो दादाच होता.

२००६ च्या जुलैमध्ये सिड बॅरेट गेल्याची बातमी वाचली, तेव्हा या रेकॉर्डची गोष्ट मला पहिल्यांदा कळली. पिंक फ्लॉइड हे नाव त्यानंच दिलेलं, सुरुवातीची गाणी त्याची. मग मन ताळ्यावर राहीना. कार्यक्रमात मध्येच वाजवणं थांबवून तो नुसता उभा राहू लागला. १९६८ च्या जानेवारीत एके दिवशी बाकीचे कार्यक्रमाला निघाले आणि वाटेत त्याला घ्यायला थांबलेच नाहीत. इतकं साधं. ‘डार्क साइड ऑफ द मून’नं त्यांना अफाट यश दिलं ते १९७३ मध्ये. त्यानंतर पुन्हा स्टुडिओत बसले तर हातात काही येईना. आलं ते त्या न घेतलेल्या मित्राबद्दल.

५ जून १९७५ ला ते ॲबे रोडला काम करत असताना एक लठ्ठ, टक्कल केलेला, भुवयाही काढून टाकलेला माणूस आत येऊन उभा राहिला. त्यांना वाटलं, स्टुडिओतलाच कुणी कामगार असेल. तो सिड होता. बऱ्याच वेळानं ओळख पटली. ज्याच्यावर गाणं करत होते, तो समोर उभा असून त्यांना दिसला नव्हता.

वाचता वाचता मी वर्तमानपत्र मिटलं. मला तो वॉर्ड दिसत होता, डावी बाजू, आणि पुढच्या दोन खाटा.

गेल्या वर्षी भाचीनं माझ्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून दिल्या. बऱ्याच वर्षांनी दादाची प्रत पूर्ण ऐकली, कानाला हेडफोन लावून. दुसरं गाणं ‘वेलकम टू द मशीन’ संपतं तिथं एक लिफ्ट वर चढते, दार उघडतं, पार्टीतला हशा ऐकू येतो. रेकॉर्डची पहिली बाजू इथं संपते. सीडीवर लगेच पुढचं गाणं सुरू होतं. दादाच्या कॅसेटवर होत नाही. बटण दाबलं तर ‘खट्’ असा आवाज येईल, म्हणून त्यानं टेप तशीच चालू ठेवली होती. सुई रिकाम्या खाचेत फिरतेय, खर्र-टक, खर्र-टक. ती उचलली जाते. रेकॉर्ड उलटली जाते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. भांडं सरकवल्याचा आवाज. मग सुईपाशी, म्हणजे माइकच्या अगदी जवळ, एक हलकी फुंकर. धूळ उडवायला मारतात तशी. मग सुई टेकते.

हे सगळं साधारण पन्नास सेकंद. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, रेकॉर्ड चव्वेचाळीस मिनिटांच्या थोडी वर. त्यामुळे शेवट टेपवर मावलेला नाही, मध्येच तुटतो. तिथं शेवटच्या काही सुरांत त्यांचा कीबोर्डवादक रिक राइट सिडच्याच १९६७ मधल्या ‘सी एमिली प्ले’ची चाल हळूच वाजवून जातो. ती मला सीडी घेईपर्यंत ठाऊकच नव्हती. दादाला तर कदाचित शेवटपर्यंत नसेल. त्यांनी आपल्या मित्रासाठी ठेवलेली जागा आमच्या कॅसेटवर आलीच नाही. तेवढी टेप दादानं बाजू बदलण्यात घालवली.

खोकला गिलमोरचा. फुंकर दादाची.