दुःखांतील आनंद

सन २०२० च्या टाळेबंदींत पनवेलची वर्दळ थांबली, उपासनामंदिराचें दार मिटलें आणि आमच्या वडिलांचा रोजगारही गेला. सायंप्रार्थनेस बसावें तों मन डब्यांतील उरल्यासुरल्या तांदळाकडे धांवे; ओठ हलत, अंतःकरण मात्र मुकें असे. एके दिवशीं, "देवानें आपल्याला टाकिलें काय?" असें आम्हीं आईस विचारलें.

तिनें पंडिता रमाबाईंची हकीकत सांगितली. दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईबाप व बहीण हीं वारलीं. १८८२ सालीं पति गेले. १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमाही निवर्तली. तरी केडगांवच्या मुक्तिसदनांत अनाथ मुलींचा सांभाळ आणि पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हीं कामें त्यांनीं १९२२ सालीं देह ठेवीपर्यंत सोडिलीं नाहींत. "बाईंचें दुःख टळलें नाहीं," आई म्हणाली, "पण दुःखांत त्या एकट्या नव्हत्या."

मग तिनें त्याच डब्यांतील वाटीभर तांदूळ शेजारच्या बिऱ्हाडीं धाडले. ते पोंचवून परततांना कित्येक दिवसांनीं आमच्या तोंडून स्तोत्र आपोआप निघालें.

बालमित्रहो, संकट तसूभरही सरलें नव्हतें. परंतु त्या रात्रीं आमची प्रार्थना मुकी राहिली नाहीं.