आधी काठ वाचा

आमच्या कुलवृत्तांतात पणजोबांना पाऊण पान आहे. कोकणातून नागपूर, मग रेल्वेची नोकरी, जबलपुरात बदली, सगळं शकांसकट. पणजीला अर्धी ओळ: सासरचं नाव, माहेर सागर, पुत्र चार, कन्या दोन.

१८७० मध्ये जबलपुरात मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जुळला, १९५६ मध्ये नागपूरचं उच्च न्यायालय इथे आलं. दोन्ही वेळी मराठी घरं आली. पुरुषांच्या नेमणुकांचे, बदल्यांचे कागद आजही ट्रंकेत सापडतात. बायकांचा कागदच झाला नाही. पितृपक्षात ग्वारीघाटावर गुरुजी आई, आजी, पणजी अशा तिघींची नावं घेववतात, पण तीही सासरची. आणि पुढची पिढी श्राद्धाला बसली की पणजी त्यातून गळते. लग्नात ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव उमटलं की जुनं कुणी विचारत नसे. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघीही माहेरच्या यमुना. त्यांच्यावर लिहिलं गेलं म्हणून हे आपल्याला कळलं. बाकीच्या यमुना कुठे शोधायच्या?

आत्याने माळ्यावरून एक पितळी पातेलं काढलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ओळ, काळी पडलेली. चिंच लावून घासलं तेव्हा 'सागर' लागलं, मग 'शके १८३४'. त्याआधी एक नाव, सासरच्या नावाहून वेगळं. पहिलं अक्षर 'गो', पुढचं सपाट.

"रोज राखेने घासायची गं आजी," आत्या म्हणाली. "तिच्याच हातांनी गेलं ते."

मी त्या सपाट जागेवरून कितीदा तरी बोट फिरवलं. कुलवृत्तांतात थोरल्या मुलाचा जन्म शके १८४१ आहे, पातेल्यावरच्या शकानंतर सात वर्षांनी. म्हणजे कटनीला गाडी बदलून ती या गावात उतरली तेव्हा लहान मुलगीच असणार, आणि हे पातेलं तिच्याबरोबर आलेलं. तिच्याविषयीचं एवढं मला त्या काठामुळे कळलं, नुसत्या छापील पुस्तकाने कळलं नसतं.

गोदावरी असेल का? बहिणींना नद्यांची नावं ठेवायची तेव्हा रीत होती. गोदा असेल तर कृष्णा, भीमाही असतील, कुणाच्या तरी माळ्यावर. म्हणून सागर, दमोह, नागपूर, जिथे जिथे नातं लागतं तिथे फोन करते आहे: जुनी भांडी मोडीत घालू नका, आधी काठ वाचा.