खासबागेची शेवटची पायरी

मैत्रिणींनो, कोल्हापूरला गेलो की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. आधी अंबाबाईचं दर्शन, मग 'नुसतं बघायला' म्हणून गुजरीत साजाच्या दुकानांतून एक चक्कर, घरच्यांसाठी चपला आणि संध्याकाळी रंकाळा. परतीच्या एस.टी.त बसलो की झालं आपलं कोल्हापूर! मी तर तिथली माहेरवाशीण. पण देवळापासून पायी दहा-बारा मिनिटांवर असलेलं खासबाग मैदान मी आतून पाहिलं ते वयाच्या चौतिसाव्या वर्षी. आज तुम्हांला तिथेच घेऊन जाणार आहे.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोममधलं प्राचीन गोलाकार क्रीडागार त्यांनी पाहिलं. आपल्या पैलवानांसाठीही असं काही हवं, हे त्यांच्या मनानं घेतलं आणि १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं.

त्याची रचना समजायला एक मोठी खोलगट परात डोळ्यांसमोर आणा. परातीच्या तळाशी तांबड्या मातीचा हौद आणि प्रेक्षकांची बैठक सभोवार चढत वर गेलेली. मध्ये खांब नाही की पुढच्याचं डोकं आड येत नाही. हजारोंची गर्दी झाली तरी शेवटच्या पायरीवरच्या माणसाला कुस्ती दिसलीच पाहिजे, असा हिशोब. आणि त्या मातीत काय काय मिसळतात, ठाऊक आहे? हळद, ताक, तेल, लिंबू! माती मऊ राहावी, अंगाला खरचटलं तर चिघळू नये म्हणून. म्हणजे सगळं सामान आपल्याच स्वयंपाकघरातलं की हो!

याच मैदानाला पाठ लावून महाराजांनी नाट्यगृह बांधलं. १९१५ साली ते झालं, तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर. पुढे त्याला कोल्हापूरचेच सुपुत्र, संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. अवघ्या एकतीस वर्षांचं आयुष्य लाभलेला हा गायक नट १९२१ साली गेला. नाट्यगृहाच्या मागे मैदानाकडे तोंड करूनही एक मंच आहे, म्हणजे मोठा कार्यक्रम असला तर लोकांनी मैदानातच बसावं. एका अंगाला शड्डू आणि दुसऱ्या अंगाला तानपुरा! अंगातलं बळ आणि गळ्यातला सूर एकाच आवारात नांदवणारा राजा विरळाच.

आमच्या घरानं मात्र या आवाराची वाटणी करून टाकली होती. बाबा दादाला खांद्यावर बसवून कुस्त्यांना न्यायचे आणि आई शेजारणींबरोबर नाटकाला जायची. कुस्त्यांना 'पोरीबाळींचं काय काम?' आणि नाटकाला 'रात्रीचं जागरण, उद्या शाळा.' माझ्या वाट्याला यायची बाहेरची भेळ. हलगी कडाडली, मैदानातून एकदम आरोळी उठली की मी विचारायची, "काय झालं?" दादा घरी येऊन ढाक आणि घिस्सा असे डाव उशीवर करून दाखवायचा. तेवढ्यावर माझी हौस भागायची.

मे २०२४ मध्ये सुट्टीला माहेरी गेले होते. बाबांचे गुडघे आता कुरकुरतात. एके दिवशी सकाळी ते माझ्या मुलीला म्हणाले, "चल, तुला खासबाग दाखवतो." मी पोळ्या लाटत होते. काय वाटलं कुणास ठाऊक, गॅस बंद केला आणि म्हटलं, "मी पण येते."

मैदान रिकामं होतं. लेक पायऱ्या मोजत धावत सुटली. आम्ही दोघं सावकाश चढत पार वरच्या पायरीवर जाऊन बसलो. बाबा सांगत होते, पैलवान कुठून यायचे, हलगीवाले कुठे उभे राहायचे, फेटे कसे उडायचे. मग म्हणाले, "इथनंसुद्धा सगळं दिसतंय बघ. जागा सगळ्यांना पुरत होती." आणि गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुला कधी आणलंच नाही. चुकलंच की गं माझं."

मी काही बोलले नाही. पण इतक्या वर्षांचं मनातलं काहीतरी त्या पायरीवर उतरवून ठेवलं, एवढं खरं. आता दिवसही बदललेत. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वाचलंय मी. कात्रण ठेवलंय."

घरी आल्यावर आई लटक्या रागानं म्हणाली, "बापाबरोबर मैदान झालं, आता माझ्याबरोबर एक नाटक बघायचं." मी म्हटलं, "पुढच्या सुट्टीत नक्की."

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. छप्पर, रंगमंच, लाकूडकाम सगळं जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी आईचा फोन आला, पण तिला बोलवेना. शेवटी एवढंच म्हणाली, "आपलं नाटक राहिलं गं."

पुढे नाट्यगृह पुन्हा उभारण्याचं काम हाती घेण्यात आलं. आईला मी शब्द दिला आहे, तिथलं माझं पहिलं नाटक तुझ्याच शेजारी बसून बघेन. या वेळी 'पुढच्या सुट्टीत' म्हणणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, कोल्हापूरला गेलात की रंकाळ्याच्या आधी तासभर खासबागेसाठी ठेवा. उन्हं चढायच्या आत जा. बसायला जुनी चादर आणि प्यायला पाणी जवळ असू द्या. मुलं बरोबर असतील तर मुलींनाही न्या, आणि सर्वांत वरच्या पायरीवर बसवून विचारा, "दिसतंय का गं सगळं?"

दिसतं. मी बसून पाहिलं आहे.