त्याचें त्याला खेळूं द्यावें

एकत्र कुटुंबांत वाढणाऱ्या मुलाला कशाची उणीव असते, असें कोणी विचारलें, तर बहुतेक मंडळी 'कशाचीच नाहीं' असें उत्तर देतील. आजोबांची मांडी, आजीची गोष्ट, काकूच्या कडेवरचा फेरफटका, चुलत भावंडांचा गलका, सारें त्याला घरबसल्या मिळतें. तें खरेंही आहे. परंतु आमच्या दादरच्या घरीं सव्वा वर्षाची नात दुडदुडूं लागली, तेव्हांपासून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, या भरल्या घरांत त्या चिमुकल्या जीवाला एक गोष्ट मात्र सहसा मिळत नाहीं, आणि ती म्हणजे त्याचा स्वतःचा असा थोडासा वेळ.

परवांचीच गोष्ट. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसून ती एका रिकाम्या डब्यावर झाकण बसवीत होती. झाकण तिरकें पडे, घसरे, खणखणत फरशीवर जाई. ती तें पुन्हा उचली. तोंडाचा चंबू झाला होता आणि बाकीच्या जगाची तिला शुद्ध नव्हती. एवढ्यांत आमच्या सौ.नीं 'असें नव्हे ग सोनुले' म्हणून झाकण बसवून दिलें. थोरल्या सूनबाईंनीं टाळ्या वाजविल्या, पुतण्यानें 'शाब्बास' म्हटलें आणि धाकट्या चिरंजीवांनीं खिशांतला मोबाईल काढून छायाचित्र घेतलें. एवढा सत्कार झाल्यावर नातीनें डबा लोटून दिला आणि दोन्ही हात वर करून ती कडेवर घेण्यासाठीं रडूं लागली. यांत प्रेमावांचून दुसरें कांहीं नव्हतें. तरीपण जें काम तिनें आपण होऊन अंगावर घेतलें होतें, तें त्या प्रेमापोटींच तिच्या हातून सुटलें.

या प्रसंगावरून डॉ. मारिया माँटेसरी यांनीं लिहून ठेवलेली एक हकीकत आम्हांस आठवली. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेंझो भागांत त्यांचें पहिलें बालगृह उघडलें. तो भाग मजुरांच्या वस्तीचा. परळ-लालबागच्या गिरणी-कामगारांच्या चाळी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस त्या इमारतींची कल्पना सहज करतां येईल. आईबाप कामावर गेल्यावर मागें राहिलेलीं मुलें जिने व भिंती खराब करतात, म्हणून त्यांना एका खोलींत गुंतवून ठेवावें, हा इमारतीच्या मालकांचा हेतु. त्या बालगृहांत तीनएक वर्षांची एक मुलगी लांकडी ठोकळ्याच्या भोंकांत निरनिराळ्या जाडीच्या गोल खुंट्या बसवीत होती. बसवी, काढी, मिसळी, पुन्हा बसवी. बाईंनीं मोजावयास आरंभ केला. इतर मुलांना तिच्याभोंवतीं गाणें म्हणावयास लावलें, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलें. पोरीनें ठोकळा मांडीवर घेऊन आपलें काम चालूच ठेवलें. चाळिसांहून अधिक वेळां तें केल्यावर ती आपण होऊन थांबली, आणि चांगली झोंप घेऊन उठल्यासारखी प्रसन्न दिसली. बक्षीस नाहीं, शाबासकी नाहीं, कोणी 'पुरे' म्हणणारेंही नाहीं.

त्या ठोकळ्यांसारखीं साधनें महाग असतात, तीं प्रत्येक घरीं कोठून आणावयाचीं, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर आपल्याच ताराबाई मोडकांनीं देऊन ठेवलें आहे. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें. तेथें ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं आमच्या दादरांत शिशुविहार सुरू केला. पुढें १९४५ सालीं त्या डहाणू तालुक्यांतील बोर्डीस गेल्या व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. तेथें परदेशी धाटणीचीं महागडीं साधनें परवडण्यासारखीं नव्हतीं. या दोघींनीं गारगोट्या, शिंपले, बिया, पानें, माती यांतूनच मुलांचीं साधनें केलीं. जीं मुलें शाळेंत येत नव्हतीं, त्यांच्या अंगणांत शाळा नेली. 'अंगणवाडी' हें नांव त्यांतलेंच, आणि १९७५ सालीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना काढली, तेव्हां तिच्या केंद्रांना तेंच मिळालें. बोर्डीच्या अंगणांत जें साधलें, तें मुंबईच्या स्वयंपाकघरांत साधूं नये, असें कांहीं नाहीं.

वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाला 'घालणें आणि काढणें' यापरतें दुसरें सुख नाहीं. एकांत एक बसणारे तीन-चार स्टीलचे डबे, दोन पातेलीं व त्यांचीं झाकणें, एक लांकडी डाव, एवढा ऐवज खालच्या फडताळांत त्याच्या हातीं लागेल असा ठेवावा. कोणतें कशांत मावतें आणि कोणतें मावत नाहीं, हें कळण्यास त्याला शंभर वेळां चुकावें लागतें. दीड वर्षाच्या सुमारास ओझें वाहण्याची हौस येते. अशा वेळीं कांदेबटाट्यांची टोपली व एक रिकामें सूप द्यावें. एकेक बटाटा इकडून तिकडे नेण्यांत मूल हमालासारखें घामाघूम होतें व तृप्त होतें. दोन वर्षांच्या मुलास परातींत दोन फुलपात्रें व तांब्याभर पाणी दिलें, तर तें एकांतून दुसऱ्यांत ओततां ओततां हात स्थिर ठेवावयास शिकतें. पोळ्यांच्या वेळीं लिंबाएवढा कणकेचा गोळा व छोटें पोळपाट द्यावें, आणि मुलगा असला तरी द्यावें. अडीच वर्षांच्या मुलाला धुऊन आलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणें किंवा हातरुमालांच्या घड्या घालणें हा खेळच वाटतो. आपणांस तेवढें काम हलकें होतें. गिरगांवांतल्या ज्या दोन खोल्यांत आमचें बालपण गेलें, तेथें विकतचें खेळणें म्हणजे सावंतवाडीचीं चार लांकडी फळें. बाकीचा सारा खेळ आईच्या भांड्यांवरच चाले.

मात्र वस्तूंची निवड वडिलांनीं डोळसपणें करावी. खेळणीं तपासणारे लोक सुमारें सव्वातीन सेंटिमीटर रुंदीची एक लहानशी नळी वापरतात; तिच्यांत जी वस्तु सबंध मावते, ती तीन वर्षांखालील मुलास देत नाहींत, कारण ती घशांत अडकूं शकते. त्या कसोटीनें चिंचोके, सागरगोटे, हरभरे, मणी, बटणें हीं सारीं या वयास वर्ज्य. चपट्या गोल बॅटऱ्या तर अन्ननलिकेंत अडकल्यास दोन तासांतही तेथें जखम करतात. बादली रिकामी करून पालथी घालावी. चार बोटें पाण्यांतही तान्ह्याचा जीव गेल्याचीं उदाहरणें आहेत. पाण्याच्या खेळाजवळून मोठ्या माणसानें उठूंच नये.

'घरांत दहा माणसें असतांना पोरीनें एकटें कां खेळावें?' असा आमच्या सौ.चा प्रश्न असे, आणि तो वावगा नाहीं. पण एकटें खेळणें म्हणजे एकटें पडणें नव्हे. मूल मधूनमधून मान वर करून पाहतें. ओळखीचा चेहरा दिसला कीं पुन्हा आपल्या उद्योगास लागतें. तेवढ्यापुरतें माणूस जवळ हवें, त्याचे हात तेवढे दूर हवेत. सौ.नीं यावर आपणच तोड काढली आहे. नात खेळूं लागली कीं त्या मेथी निवडावयास घेतात. हात गुंतलेले असले म्हणजे झाकणाकडे जात नाहींत.

याची खरी गरज धाकट्या सूनबाईंना होती. त्या फोर्टांतल्या कचेरींतून गाडीच्या गर्दींतून साताला घरीं येतात. कुकर चढवावयाचा असतो आणि पोर पदराला लोंबत असते. अशा वेळीं कोणी तिच्या हातीं मोबाईल दिला, तर त्या माउलीला दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. तरी जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं एक वर्षाच्या मुलासाठीं पडदा मुळींच नको व दोन वर्षांच्या मुलास दिवसाकांठीं तासाहून अधिक नको, असा सल्ला दिला आहे. आतां त्या आल्यावर आधीं पांच मिनिटें पोरीला पोटाशीं घेऊन बसतात आणि मग टोपली व सूप पुढें ठेवतात. पहिल्या आठवड्यांत हा खेळ कुकरच्या पहिल्या शिटीपर्यंतही टिकला नाहीं. सध्यां तिसरी शिटी होते, तरी बटाट्यांची ने-आण चालूच असते.

आमच्या भगिनींस व विशेषतः आमच्यासारख्या रिकाम्या आजोबांस एवढीच विनंति आहे कीं, उद्यां सकाळीं चार भांडीं खालीं काढून ठेवावीं, खालच्या बिऱ्हाडाच्या वामकुक्षीची वेळ तेवढी टाळावी, आणि मूल त्यांत रमलें म्हणजे आपण वर्तमानपत्र उघडून बसावें. झाकण तिरकें बसलें, तर बसूं द्यावें. तें सरळ करण्याची घाई वडीलधाऱ्यांस असते. मुलास ती नसते.