चूक फडक्याची, बोल पोराला



मोटारीविषयी बाईमाणसानं काय लिहायचं, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. पण ही गोष्ट मोटारीपेक्षा फडक्याची जास्त आहे, आणि फडकं म्हणजे आपल्याच हातातली वस्तू. तेव्हा सांगते.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. २०२१ च्या दिवाळीत थोरल्यानं हळदीच्या साठवलेल्या पैशातून एक काळी गाडी घेतली. जुनीच, पण चांगली राखलेली. रंग असा तुकतुकीत की दारातली तुळस तिच्यात दिसायची. आमच्या ह्यांना तर तिचा लळाच लागला. रोज सकाळी धारा आटोपल्या की माझ्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घ्यायचे आणि गाडीवरची धूळ पुसायचे. पाणी नाही, काही नाही. कोरड्या फडक्यानं खसाखसा.

दर रविवारी आमच्या वाटेकऱ्याचा मुलगा गाडी धुवायला यायचा. नववीतलं पोर. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, हौसच होती त्याला.

चैत्रातल्या एका दुपारी पाहुणे आले. गाडीकडे बघून म्हणाले, "कोळ्यानं जाळं विणलंय की काय हिच्यावर?" आम्ही उन्हात वाकून पाहिलं. बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक वर्तुळंच वर्तुळं! ह्यांचा पारा चढला. पोर तिथंच बादली घेऊन उभं होतं. "वाळूनं घासलीस काय रं? उद्यापासनं गाडीला हात लावायचा न्हाई!" पाहुण्यांच्या देखत असं बोलले. पोरानं बादली पालथी घातली आणि मान खाली घालून गेलं.

त्यानंतर ते अंगणात फिरकेना. त्याची आई माझ्याबरोबर भुईमुगाच्या भांगलणीला असायची. एरवी आमच्या गप्पांना खळ नसायचा, आता ती मुकाट्यानं खुरपं चालवायची.

चार दिवसांनी मी भांडी घासून उन्हात टाकली. सहज ताटाकडे नजर गेली आणि हात थांबला. सूर्याभोवती तशीच वर्तुळं! मी ताट हलवलं, तर वर्तुळं सूर्याच्या प्रतिबिंबाबरोबर सरकली. तशीच उठले आणि खुंटीवरचं गाडीचं फडकं काढून बोटांत चोळलं. कचकच लागली.

सांगू की नको, यात दोन दिवस घालवले. ह्यांचा स्वभाव तापट, आणि लुगड्याचा तुकडा मीच दिलेला. पण बांधावर रोज त्या माउलीचं तोंड दिसायचं. शेवटी ताट आणि फडकं दोन्ही ह्यांच्यापुढं ठेवलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, सांगलीला मिस्त्रीला दाखवू."

त्या मिस्त्रीनं जे समजावलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे. हल्लीच्या गाड्यांना रंगावर एक बिनरंगी, पारदर्शक थर असतो. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड, म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. ओरखडे त्या थरावर पडतात, खालचा काळा रंग शाबूत असतो. रस्त्याच्या धुळीत खडीची आणि वाळूची पूड असते. ती या थरापेक्षा कठीण. कोरडं फडकं फिरवलं की ती पूड रंगावर घासली जाते. ओरखडे असतात सगळ्या दिशांनी, पण उजेडाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून डोळ्यांना गोल दिसतात. पांढऱ्या गाडीवरही ते पडतात, पण काळ्या रंगावर लपत नाहीत.

मग त्यानं काम दाखवलं. आधी गाडी स्वच्छ धुतली. साबणाच्या पाण्यात भिजवून मातीच्या लगद्यासारखा एक गोळा हलक्या हातानं फिरवला, त्याला रुतून बसलेली कचकच चिकटून आली. रबराच्या पट्ट्यांना आणि कडांना कागदी पट्टी चिकटवली, कारण कडेला थर लवकर झिजतो. सावलीत, पत्रा गार झाल्यावर वीतभर जागेत आधी चाचणी घेतली. सौम्य पॉलिश, मऊ स्पंजाची गादी, आणि फिरता फिरता हेलकावे घेणारं यंत्र. नुसतं गरगर फिरणारं यंत्र नवख्याच्या हातात पडलं तर रंग भाजून काढतं, असं तो म्हणाला. चाचणी जमली तेव्हा हात-दीड हाताचा एकेक चौकोन धरून आडवं-उभं सावकाश यंत्र चालवलं आणि मऊ फडक्यानं पुसून दिव्याखाली पाहिलं. अर्धं बॉनेट झालं तेव्हा एका बाजूला जाळं आणि दुसऱ्या बाजूला विहिरीच्या पाण्यासारखा काळाभोर रंग. शेवटी वरून मेणाचा हात दिला.

दोन-तीन ओरखड्यांत नख अडकत होतं. ते त्यानं तसेच ठेवले. म्हणाला, "काकी, पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, भोवतीचा थर तेवढा खाली आणणं. हा थर उन्हापासून रंगाला राखतो. तो पुन्हा वाढत नाही." मला पहिल्या वळवात बांधावरून वाहून जाणारी वरची माती आठवली. काहीजण खोबरेल तेलाचा हात फिरवून चमक आणतात. त्यानं ओरखडे झाकतात तेवढेच. धुतलं की परत दिसतात, आणि तेलावर धूळही जास्त बसते.

तेव्हा घरात गाडी असेल, तर एवढं सांभाळा. कोरडी धूळ पुसू नका. आधी पाण्याची धार सोडून माती वाहून जाऊ द्या. दोन बादल्या घ्या, एकीत गाडी धुण्याच्या साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. टपापासून खाली या, चाकांचं फडकं वेगळं ठेवा. खाली पडलेलं फडकं धुतल्याशिवाय रंगाला लावू नका. पुसायला बारीक लवीचं मऊ फडकं वापरा. एवढं केलं तर पॉलिशची पाळी क्वचितच येईल, आणि ती क्वचितच यायला हवी.

परत आल्यावर रविवारी हे स्वतः वाटेकऱ्याच्या घरी गेले. तिथं काय बोलले ते मला सांगितलं नाही. येताना मात्र पोर बरोबर होतं आणि दोघांच्या हातात एकेक बादली होती. धुताना ह्यांचं फडकं खाली पडलं. हे ते उचलून तसंच गाडीला लावणार, तोच पोर ओरडलं, "आबा, ते नको!" ह्यांनी मुकाट्यानं ते बाजूला टाकलं आणि दुसरं मागितलं.

गाडीवरचे ओरखडे मिस्त्रीनं एका दिवसात काढले. पोराची आई माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली, तोवर मृग उजाडला होता.