हरलेल्या घोड्यावरचा सेमिनार

टीईला सेमिनारसाठी मी विषय घेतला होता एचडी डीव्हीडी. साल २००८. रूममेट म्हणाला, "अरे, ब्लू-रे घे. प्लेस्टेशन ३ मध्ये तोच ड्राइव्ह आहे." पण आपण पडलो हट्टी! लेझर दोघांचा एकच, ४०५ नॅनोमीटरचा. फरक डिस्कमध्ये. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमीवर, त्यामुळे लेझरचा ठिपका अधिक बारीक करता येतो आणि एका थरात २५ जीबी मावतात. एचडी डीव्हीडीचे ०.६ मिमी, साध्या डीव्हीडीसारखेच. मावतात १५ जीबीच, पण डीव्हीडीचा कारखाना थोड्या फेरफारात चालतो. मला हेच खरं इंजिनिअरिंग वाटलं. (अजूनही वाटतं.)

४ जानेवारीला वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू घेतली. १९ फेब्रुवारीला तर तोशिबानेच हात वर केले. सेमिनार मार्चमध्ये! सरांना म्हटलं, विषय बदलू? ते म्हणाले, "कशाला? हरलं का, ते सांग."

रात्रभर बसून स्लाइड्स पुन्हा केल्या. कारणं निघाली ती स्टुडिओंची आणि प्लेस्टेशनची; लेझर बिचारा कुठेच नव्हता. एक्स्टर्नलनी एकच प्रश्न विचारला, "यातला एखादा प्लेअर बघितलायस कधी?"

"नाही सर." हॉस्टेलवर आम्ही ७०० एमबीत पिक्चर बघायचो.