कडेवरच्या पोराला तोंड कुठंय?

पैठणमध्ये वाढलेल्या प्रत्येकाने एक चित्र शेकडो वेळा पाहिलेलं असतं. गोदावरीचं तापलेलं वाळवंट आणि एका महाराच्या पोराला कडेवर घेऊन निघालेले संत एकनाथ. कॅलेंडरवर, भिंतीवर, नाथषष्ठीच्या यात्रेतल्या तसबिरींमध्ये. सातवीत असताना मीही ते काढलं आणि बक्षीस मिळवलं. नाथांच्या उपरण्याच्या चुण्या मी जीव लावून काढल्या होत्या. पोराचं तोंड मात्र त्यांच्या खांद्यात लपवलं. मला ते जमत नव्हतं आणि कुणी ते मागितलंही नव्हतं.

पुढे विहारातल्या रविवारच्या वर्गासाठी मी कॉमिक काढू लागलो. कारण साधं होतं. पोरं भाषणाला कंटाळत होती. आम्ही मोठे माणसं माईकवर तासभर बोलायचो आणि पोरं खाली बसून एकमेकांना चिमटे काढायची. ए-फोर कागद मधोमध दुमडायचा, काळ्या शाईने काढायचं, झेरॉक्स मारून स्टेपल करायचं. एवढंच माझं प्रकाशन. आजवर चार अंक निघाले. चौदा एप्रिलला स्टॉलवर वीस रुपयांना विकतो आणि दरवर्षी खिशातले पैसे जातात.

पहिला अंक दौलताबादचा. बाबासाहेब म्हटलं की आपल्याला महाड आणि नागपूर आठवतं. आपल्याच जिल्ह्यात त्यांच्याशी काय झालं हे इथल्या कितीतरी पोरांना माहीत नसतं. 1934 साली बाबासाहेब आणि चळवळीतले साधारण तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले, म्हणून काहींनी दरवाजाजवळच्या हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला, हौद बाटवला म्हणून. गर्दी जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर यायच्या बेतात आलं. बाबासाहेबांनी त्यांनाच जाब विचारला, की तुमचा धर्म हेच शिकवतो का, उद्या आम्ही मुसलमान झालो तरी अडवाल का? शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि लक्ष ठेवायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई. हे सगळं त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवलंय. अस्पृश्य हा हिंदूंसाठी अस्पृश्य आणि मुसलमानांसाठीही अस्पृश्यच, हे सांगण्यासाठी. त्याच्या पुढच्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली.

मला त्या शिपायाने पछाडलं. डॉक्टरेटच्या पदव्या घेऊन आलेला, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस किल्ला बघतोय आणि त्याच्यामागे एक शिपाई त्याचे हात बघत चाललाय. मी सहा चौकटी फक्त हातांच्या काढल्या. एका पोरीने विचारलं, “दादा, मग त्यांना तहान लागली तर?” तासाभराच्या भाषणातून हा प्रश्न कधी आला नसता.

भांडण झालं ते मात्र आपल्याच माणसांशी. विहारातले एक तात्या अंक बघून उठूनच गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “काय रे, साहेबांना धुळीनं भरलेलं दाखवतो? निळा कोट कुठंय? बोट वर कुठंय?” मी म्हणालो, “तात्या, प्रवासात होते ते.” तर म्हणे, “लोकांनी आपल्याला आयुष्यभर धुळीतच दाखवलं. तू तरी नको दाखवू.” मला उत्तर सुचलं नाही. तात्यांच्या वस्तीतली घरं नामांतराच्या दंगलीत जळालेली. जुलै 1978 मध्ये विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाडा पेटला. ज्याने राख पाहिलीय त्याला साहेब कडक इस्त्रीतच हवेत, हे मला कळतं. तरीही मला वाटतं की बोट वर केलेल्या एकाच चित्रात आपण बाबासाहेबांना थांबवून टाकलंय. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी आपल्या नेत्याचा अवतार करून ठेवावा, हे त्यांनाच पटलं नसतं.

कॉमिकमध्ये हा धोका मोठा. ‘अमर चित्र कथा’ने 1979 साली, म्हणजे मराठवाडा जळाला त्याच्या पुढच्या वर्षी, बाबासाहेबांवर अंक काढला. दिलीप कदमांची चित्रं होती. तो फाटका अंक मी मित्राच्या घरी वाचला आणि माझं रेखाटन सुधारलं ते त्यातून, हे नाकारणार नाही. पण देवदेवता आणि राजेरजवाडे यांच्या रांगेत बसवलेला महापुरुष हळूहळू त्यांच्यासारखाच दिसू लागतो. डोळे उघडले ते 2011 मध्ये ‘नवयान’ने काढलेल्या ‘भीमायन’ने. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी त्यात माणसांना चौकटीत कोंबलंच नाही. मवाळ बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, जातीचं विष ओकणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. किती सोपं, आणि आपल्याला सुचलं नाही!

खरं तर सुचायला हवं होतं. आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी ‘पैठण चित्रं’ म्हणजे चित्रकथीच. एकेक कागद समोर धरायचा आणि गोष्ट सांगायची. मोठे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे. कॉमिक हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी ती एकदा पाहावीत. पण त्यांत रामायण आहे, महाभारत आहे; महारवाडा नाही.

म्हणून चौथ्या अंकात मी पुन्हा त्या वाळवंटाकडे गेलो. आधी मी ‘जातिप्रथेचं निर्मूलन’ उघडलं. 1937 च्या आवृत्तीत गांधींना दिलेल्या उत्तरात एक तळटीप आहे. तेव्हा प्रभातचा ‘धर्मात्मा’ गाजत होता, बालगंधर्व एकनाथ झाले होते. बाबासाहेब सांगतात की एकनाथांनी अस्पृश्यांना शिवलं, त्यांच्यासोबत जेवले, ते जात आणि अस्पृश्यता यांना विरोध म्हणून नव्हे. विटाळ गंगेच्या स्नानाने धुऊन निघतो असं ते मानत, म्हणून. पैठणमध्ये बसून ही ओळ वाचायला छाती लागते. नाथांची माणुसकी मी नाकारत नाही. त्या उन्हात पोर उचलणारा माणूस लहान नव्हता. पण चारशे वर्षं आपण उचलणाऱ्याचंच चित्र काढतोय. पोराचे पाय का भाजत होते, त्याची आई कुठे राबत होती, गावाबाहेरून त्याला नदीपर्यंत कोणत्या वाटेने यावं लागलं, हे कुणी काढलं नाही.

मी सगळा अंक पोराच्या उंचीवरून काढला. पहिल्या चार पानांत नाथ नाहीतच; वाळू आहे, पळणारे पाय आहेत, दूरून “बाजूला हो” म्हणणारे फुगे आहेत. पाचव्या पानावर दोन हात येतात. नाथांचा चेहरा पोराला दिसतो तेवढाच, हनुवटी आणि उपरणं. आणि पोराचं तोंड मात्र पानभर.

गावातल्या एका शाळेने भिंतीवर नाथांचं चित्र काढायला बोलावलं होतं. मी हाच आराखडा नेला. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “यात महाराज कुठे आहेत?” मी हनुवटी दाखवली. चहा पाजून त्यांनी परत पाठवलं. भिंतीवर आता जुनंच चित्र आहे, दुसऱ्या कुणीतरी काढलेलं.

तात्यांनी हा अंक ठेवून घेतला. पैसे दिले नाहीत, पण ठेवून घेतला. वर्गात मात्र अजून वाद चालू आहे. शेवटच्या पानावर पोर घरी पोचतं आणि आई त्याला हाक मारते. तो फुगा मी कोरा सोडलाय, कारण कथेत त्याला नावच नाही. दर रविवारी कुणीतरी पेन्सिलने त्यात एक नाव लिहितं आणि पुढच्या रविवारी दुसरं कुणी ते खोडतं.